खरं सांगणारा जोड

औरादमध्ये स्पीकर दुरुस्त करणारा तो माणूस खुर्चीत बसलेला मी कधीच पाहिला नाही. बोलता बोलता तो स्पीकरचे डबे भिंतीपासून सरकवतो, त्यांच्या कागदी पडद्यावर नख वाजवतो, उगाच पंखा बंद करून पुन्हा लावतो. ऐकताना मात्र एकदम थांबतो. डोळे मिटून, डावा कान पुढे करून.

मी शाळेत शिकवतो आणि गातो. घरच्या कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करून सीडी काढायची माझी फार इच्छा होती, म्हणून स्वस्तातले स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग तपासून ऐकायचे स्पीकर, शोधत त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे वापरलेले दोन जोड होते. आमच्याकडे डबा निवडतात तो लग्नात आवाज किती लांब जातो यावर. मीही आधी मोठ्या जोडावर माझंच गाणं लावायला सांगितलं, आणि ऐकून डोलायला लागलो.

"आता ह्याच्यावर ऐका," म्हणत त्याने धाकटा जोड लावला. गाणं तेच, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली घसरत होता.

"हा जोड खराब हाय," मी म्हणालो.

त्याने पंखा बंद करून गाणं पुन्हा लावलं.

"न्हाई सर, ह्योच खरं सांगायलाय. घ्या, स्वस्तबी हाय."

मी मोठा, महागाचाच घेतला. त्याने तो बांधून दिला. त्यानंतर मी एकही गाणं रेकॉर्ड केलेलं नाही.

बाजारात भेटला की तो घाईघाईत विचारतो, "रेकॉर्डिंग चालू हाय का, सर?"

"व्हय, चालू हाय की."

तो एकदम थांबतो. डोळे मिटतो आणि डावा कान पुढे करतो.