सहा सेलांची नळी

भाऊजी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, तेव्हा ताईनं दर्यापूरहून फोन केला. "मले त्यायचा आवाज आठवूनच नाही राहिला. त्या कॅसेटीत असन ना रे?"

होता. एकदा त्यांच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं, तेव्हा मी शूटिंग केलं होतं. ती छोटी कॅसेट ताईच्या कपाटात होती आणि आमच्याकडे फक्त माझ्या जुन्या कॅमेऱ्यात चालायची. कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली, अडॅप्टर घर बदलताना गेलेला, आणि बाजारात आता दोन्ही मिळत नाहीत. अमरावतीतला एक दुकानदार कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून द्यायला तयार होता. ताई कॅसेट घराबाहेर काढायला तयार नव्हती.

बॅटरीवर ७.२ व्होल्ट लिहिलं होतं. चार्ज होणारा पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे सहा सेल. यात मत देण्यासारखं काही नाही, तरी इथं अकोल्यात सेल विकणाऱ्या दुकानदारानं दिलं.

"साधेच घ्या ना भाऊ. सहा तं सहा."

"त्याचे नऊ व्होल्ट होतात."

"दोन व्होल्टनं काय होते?"

"एक पॉइंट आठ."

त्यानं चार्जवाले काढून दिले.

वायरिंगच्या पाइपचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकात तीन सेल. एक सेल पाच सेंटिमीटरचा, म्हणून तुकडे पंधराचे कापले. टोकाच्या स्प्रिंगलाही जागा लागते, हे धरायचं राहिलं. बायको म्हणाली, "बरं झालं तुमी पूल नाही बांधत." पुलात स्प्रिंग नसते, असं मी सांगितलं आणि नवे तुकडे कापले. दोन्ही नळ्या टेपनं बांधल्या, वायरी जुन्या बॅटरीच्या रिकाम्या डबीतून कॅमेऱ्याला जोडल्या. कॅमेरा घरी चालू झाला.

दर्यापूरला ताईसमोर झाला नाही. बसच्या हादऱ्यांनी एक स्प्रिंग सरकली होती. नळीचं टोक अंगठ्यानं दाबलं की पडदा उजळायचा.

"मंग अंगठा काढू नको," ताई म्हणाली.

पडद्यावर शेत आलं, धूर आला, पंगतीत बसलेले भाऊजी आले. त्यांनी घास तोंडात घातला आणि म्हणाले, "वांग्यात मीठ कमी आहे." मग कोणाची तरी पाठ आडवी आली. पूर्ण कॅसेटमध्ये ते एवढंच बोलले आहेत.

ताई पडद्याकडे पाहत राहिली. "बराबर होतं मीठ," ती म्हणाली. "मागं घे."

मागे घेतलं. भाऊजी म्हणाले, मीठ कमी आहे.

"बाकीच्यायनं मागून मागून खाल्लं," ताई त्यांना म्हणाली. "मागं घे."

सेल उतरेपर्यंत हेच चाललं. पडदा काळा झाला तेव्हा ताईनं डोळ्यांना पदर लावला, मग नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हे चार्ज व्हायले किती वेळ लागते?"

"सात तास."

"मंग राह्य आज," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.