न आलेली आई

ओकसिमसारखी हट्टी बाई दक्षिण कोरियातल्या सोक्चोच्या अख्ख्या किनाऱ्यावर शोधून सापडली नसती. त्र्याहत्तरी गाठली तरी म्हाकूळ मासळी साफ करून वाळत घालायचं काम सोडलं नव्हतं, आणि तोंड तर सुरीपेक्षा जोरात चालायचं. पण मनातला खरा राग एकाच माणसावर. ते माणूस म्हणजे तिची आई.

एकोणीसशे पन्नास सालच्या डिसेंबरात लढाई त्यांच्या उत्तरेकडच्या गावाला येऊन भिडली. बापानं बारा वर्षांच्या ओकसिमला घेतलं आणि हुंगनाम बंदरावरून दक्षिणेला जाणारी बोट गाठली. आई मागं राहिली. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, पाठीला आठ महिन्यांचं तान्हं, अंगणात हिवाळ्यासाठी नुकतीच पुरलेली किमचीच्या लोणच्याची मडकी. "तीन दिवसांचा तर प्रश्न, तुम्ही पुढं व्हा," म्हणाली. तेव्हा सगळं गावच तीन दिवस म्हणत होतं, मेलं कुणाला काय ठाऊक! ओकसिम तिच्या घागऱ्याला धरून रडली, तर आईनं बोटं सोडवली, लंगडा उजवा पाय ओढत आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढं सरहद्द बंद झाली ती झालीच.

बाप गेल्यावर त्याचं श्राद्ध ओकसिमच्याच घरी होऊ लागलं. नवरा-बायको दोघंही गेलेले असले, की भाताचे दोन वाडगे मांडायची तिकडं रीत. ओकसिम एकच मांडायची. तिचा मुलगा दरवर्षी म्हणायचा, "आई, आजी असती तर नव्वदीच्या पुढं असती. दुसरा वाडगा मांडूया की."

"जी आली नाही तिला वाढायचं कशाला? राहू दे तिला मडकी राखत."

मुलगा मग दुसरा वाडगा परत फळीवर ठेवायचा. आईच्या नादी कोण लागणार?

टेकडीवरच्या विद्यापीठात दर गुरुवारी दुपारी गावकऱ्यांसाठी कोरियाच्या इतिहासावर आणि रीतीभातींवर व्याख्यान असे, आणि मागाहून चित्रफीत. शेजारच्या सुनदाननं तिला तिथं ओढलं. "चल गं, खोली ऊबदार आहे, बार्लीचा चहा आयता मिळतो, डोळा लागला तरी कुणी हटकत नाही."

"राजेलोकांची भांडणं ऐकून मला काय करायचंय? माझं सुनेशी भांडून होत नाही अजून!"

पण गेली. राजघराण्यांच्या व्याख्यानांना ती घोरली. मुखवट्यांच्या नाचाची फीत लागली तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिला गुरुवारची गोडीच लागली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी शिकवणाऱ्या हाम मॅडम म्हणाल्या, "आजची फीत मुकी आहे. चोवीस डिसेंबरला, शेवटच्या दिवशी, अमेरिकी फौजेच्या कॅमेरावाल्यानं हुंगनामला घेतलेली. शेवटची बोट सुटल्यावर, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, फौजेनं बंदर सुरुंगानं उडवून दिलं."

ओकसिमची बोट बावीसला सुटली होती. ती सावरून बसली.

पडद्यावर नुसती माणसंच माणसं. गाठोडी, बैल, बर्फ. आणि त्या गर्दीतून एक बाई हातगाडी ओढत आली. पाठीला तान्हं बांधलेलं, गाडीत गोधडीत गुंडाळलेली म्हातारी. उजवा पाय ओढत चालत होती.

"थांबवा!" ओकसिम ओरडली. "थांबवा ते! माझी आई आहे ती!"

मॅडमनी फीत मागं नेऊन परत लावली. बाई परत आली. धक्क्याच्या कडेला गाडी थांबवली, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि समुद्राकडं बघत राहिली. मॅडमनी चित्र तिथंच थांबवलं.

"आजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "चेहरा नीट दिसत नाही. हजारो बायका होत्या तिथं..."

"आईची चाल ओळखायला चेहरा लागतो होय, मॅडम?" ओकसिम पडद्याकडं बोट दाखवत म्हणाली. "गाडीत आजी आहे माझी. सासूला टाकून निघवेना म्हणून उशीर झाला तिला. आली होती गं, सुनदान! आली होती ती! आणि मी साठ वर्षं शिव्या घातल्या. एक वाडगा भात नाही दिला तिला."

सुनदाननं तिचा हात घट्ट धरला. दुसरं करणार काय?

मॅडम यंत्र बंद करायला वाकल्या. ओकसिम हात सोडवून पुढं गेली, पार पडद्यापाशी.

"आई, घरी जा गं! आमची बोट परवाच गेली. नको उभी राहू तिथं. धक्का उडवणार आहेत, आई, पोराला घेऊन मागं फीर!"

ती बाई आपली समुद्राकडंच बघत होती.

"चला आजी, बसा," मॅडम म्हणाल्या. "आज इथंच थांबू."

"नाही. पुढं चालवा."

"पुढं फार वाईट आहे हो."

"माहीत आहे मला. ती तिथून हलली का, तेवढं बघू द्या. मग मी उठून जाते."

मॅडमनी चालवली. आणखी दोन श्वास ती बाई तशीच उभी होती. मग एकदम बोटीवरून घेतलेलं चित्र आलं. लांबवर बंदर, आणि अख्खा धक्का धुराबरोबर आभाळात उडाला. फीत संपली.

ओकसिम कोऱ्या पडद्यापुढं उभी राहिली. तिनं वळून विचारलं, "आणि मधलं? मधलं कुठंय, मॅडम?"

"मधलं कुणी घेतलंच नाही, आजी."