प्लुटोपायी गेलेली मिशी

माझी शाळा चौथीपर्यंतच, पिशोरला. तिथलं बाकी सगळं विसरलो. पण एकदा तपासणीला साहेब आले अन् त्यांनी विचारलं, सूर्यापासून सगळ्यात लांबचा ग्रह कोणता? अख्ख्या वर्गात माझाच हात वर. प्लुटो! साहेबांनी पाठ थोपटली. पुढं जन्मभर शेती केली, म्हातारपणी पोरासंगं शहरात आलो, पण ती थाप पाठीवर तशीच हाय.

म्हणून नात परवा म्हणाली, "आबा, ग्रह आठच. प्लुटोला काढलंय," तेव्हा ते मला लागलं.

"कुणी काढलं?"

"शास्त्रज्ञांनी. तो बर्फाळ आहे, आपल्या चंद्राहूनही लहान. त्याला आता बटुग्रह म्हणतात."

"लहान हाय म्हणून घराबाहेर? तू बी लहानच हायेस की."

ती हसली, पण आठावरून हलंना. पोराच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत तोंडावर आली होती. म्हणलं, "पूजेत नवग्रह मांडतात, तिथं नववा कोण बसतो मग? तुझा बाप? प्लुटो त्या नऊंत नसंल तर ही मिशी उतरवीन."

आतून बायको म्हणाली, "मिशीला कशाला मधी घेता? तिनं काय केलंय?"

पूजेच्या दिवशी गुरुजींनी चौरंगावर लाल कापड अंथरलं, तांदळाच्या राशी घातल्या, एकेका राशीवर एकेक सुपारी. नऊ भरल्या तशी मी नातीकडं बघून मिशीला पीळ दिला. पण ती माझीच नात. गप बसंल कशी?

"गुरुजी, यात प्लुटो कुठला?"

गुरुजींचा हात थांबला. "प्लुटो? बाळा, हे सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू अन् केतू. प्लुटो यात कधीच नव्हता."

पोरगा तोंडाला उपरणं लावून हसला. मी सुपाऱ्यांकडं बघत राहिलो. इतकी वर्षं कडंच्या सुपारीला प्लुटो समजून हात जोडत होतो.

जेवणं झाल्यावर नात जवळ येऊन बसली. "आबा, राहू द्या मिशी. त्याला काढलं म्हणजे फेकून नाही दिलं. तो तिथंच फिरतोय. फक्त आठांत मोजत नाहीत."

"शब्द दिलाय मी."

"आज न्हाव्याकडं गेलात तर बघा!" बायको कडाडली. "शुभकार्याच्या घरात सुतकी तोंड घेऊन फिरणार?"

तिचं खरं होतं. आमच्यात बाप गेला तरच मिशी उतरवतात. म्हणून ती रात्र जाऊ दिली अन् सकाळी क्रांती चौकातल्या दुकानात जाऊन बसलो. न्हाव्यानं वस्तरा हातात धरून दोनदा विचारलं, "काका, पक्का ना?"

"चालव."

बाहेर आलो तर ओठावर वारा लई गार लागला. इतक्या वर्षांत तिथं वारा लागलाच नव्हता. बसथांब्यावर आमच्या गावचा एक जण भेटला. माझं तोंड बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. हळूच म्हणाला, "आबा, कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं," म्हणलं. "गेला गेला म्हणतात, तो बी तिथंच फिरतोय."

तो काय समजला कुणास ठाऊक. टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मी मान ताठ ठेवून घरी आलो.