खंडेनवमीचा नारळ आन माजा डेटाबेस

तट्ट झालं आन पडदा काळा पडला. करपल्याचा वास आला. मी बटन दाबते, परत दाबते, काय न्हाई. मशीनच्या डोक्यावर झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, खाली पाट, आन पाटावरनं नारळाचं पाणी अजून टिपटिप गळतंय. नारळ मगाशी मीच फोडला व्हता, मशीनच्या अगदी उशाला. निम्मं पाणी वरच्या जाळीतनं आत गेलं आसंल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई.

पोरगी म्हनली, "आई, धूर."

परवा सकाळी परीक्षा. डेटाबेसच्या सर्टिफिकेटची. आन समदा प्रोजेक्ट त्या डब्यात.

आमच्याकडं खंडेनवमीला समदी हत्यारं पूजत्यात. विळा, खुरपं, ट्रॅक्टर, द्राक्षावर औषध मारायचा ब्लोअर. धुवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. आन एकदा पूजेला बसवलं की दसऱ्याचं सोनं वाटूस्तवर हात लावायचा न्हाई. माजं हत्यार म्हंजी ह्यो जुना कॉम्प्युटर, म्हनून मी बी मांडला. पन परीक्षेच्या भ्यानं ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, पाच मिनटं लावते, बघते, गुपचूप बंद करते.

आत्या, म्हंजी माज्या सासूबाई, वासानं आत आल्या.

"पूजेला बसलेलं उठवलंस व्हय गं? कोपलं ते."

"कोपलं न्हाई आत्या, पाणी गेलंय आत."

"मंग नारळ त्येच्या टाळक्यात फोडायला कुनी सांगितला व्हता?"

माजं माहेर लोणंदकडचं. दहावी झाली, अकरावीला नाव घातलं आन लगीन करून हिकडं तासगावला आले. पोरगी झाली. कोल्ड स्टोरेजला बेदाणा निवडायला जायला लागले. तिथं आफिसात एक बाई मशीनवर बसून सांगायची, कुनाच्या पेट्या कुठल्या खोलीत हायत. शेतकरी नाव सांगायचा, ही दोन बोटं मारायची, झालं. मी दारातनं बघत ऱ्हायची. पुढं कळलं, सांगलीच्या कम्युनिटी कॉलेजात दहावीवर घेत्यात. घरात लय बोलणी झाली. शेवटी सासरे म्हनले, "एक वरीस जा. पास झालीस तर आफिसात, न्हाईतर परत बेदाण्यात. पुन्यांदा इचारू नगंस."

पुन्यांदा न्हाईच.

कॉलेजातल्या मॅडम सारख्या सांगायच्या, कामाची कॉपी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. काढली व्हती की! मी पळत ह्यांच्याकडं गेले. "आवं, माजा पेन ड्राइव्ह कुठाय?"

ह्यांनी ट्रॅक्टरकडं बघितलं. "त्यातलं पुसून गाणी भरली मी. कामाचं काय न्हाई म्हनलीस नव्हं?"

"मी कवा म्हनलं?"

"मंग कुनी म्हनलं?"

बिचाऱ्यांचं त्वांड एवढंसं झालं. लगीच मशीन पोत्यात गुंडाळून गाडीवर घेतलं आन तासगावात गेले. आले तसंच माघारी. दुरुस्तीवाल्याचे पेचकस बी पाटावर, कुंकू लावून! म्हनला, दसरा झाल्यावर या. नेट कॅफेला हार घालून शटर खाली. कॉलेजला फोन केला तर मॅडम म्हनल्या, "लॅबला कुलूप आहे गं. परवाच उघडेल." समद्या तालुक्यातली मशीनं त्या दिवशी देव झाली व्हती.

दसऱ्याला पुरण शिजत घातलं आन चुलीपुढं चार वाट्या मांडल्या. एक शेतकऱ्यांची, एक मालाची, एक खोल्यांची, एक माल उचलल्याची. माज्या प्रोजेक्टात असलेच चार तक्ते व्हते. एकेक बेदाणा म्हंजी एकेक नोंद. कुठल्या वाटीतला बेदाणा कुठल्या वाटीतल्याशी जोडायचा, ते त्वांडानं म्हनत बसले.

आत्या म्हनल्या, "डोकं फिरलं का काय हिचं?" आन तेवढ्यात पोरीनं एक शेतकरी खाल्ला.

परीक्षेला गेले तवा दारातच वर्गातली मैत्रीण गाठ पडली. तिला फोनवर समदं सांगितलं व्हतं. तिनं माज्या मुठीत पेन ड्राइव्ह कोंबला. "माजाच प्रोजेक्ट हाय, मोबाइल दुकानाचा. वरचं नाव तेवढं बदललंय. परीक्षा घ्यायला बाहेरनं आलेल्या सरांना काय कळतंय?"

माया व्हती तिची. मी न्हाई कसं म्हनू? आत गेले. लॅबमधल्या मशीनींच्या कपाळाला बी कुंकू तसंच व्हतं. ते बघितलं आन का कुनास ठावं, मूठ उघडंना.

सरांनी नाव पुकारलं. मी म्हनलं, "सर, माज्याकडं प्रोजेक्ट न्हाई."

"मग आलात कशाला?"

"बनवायला."

नारळाचं सांगितलं. सर हसले न्हाईत. घड्याळाकडं बघितलं. "बाकीच्यांचं होईपर्यंत बसा. झालं तर झालं."

मी वाट्या डोळ्यापुढं आनल्या आन टाइप करत सुटले. घाम गळत व्हता. शेवटाला सर मागं येऊन हुबे ऱ्हायले. म्हनले, कुठल्या खोलीत कुनाचा माल, दाखवा. मी लिहिलं, बटन दाबलं. आलं! समदं आलं! पन एका मालाफुडं जागा रिकामी.

"ह्या पेट्यांचा मालक कुठंय?"

भ्यानं माज्या त्वांडातनं खरंच निघालं. "पोरीनं खाल्ला, सर."

तवा मातूर सर हसले. मी मालक घातला, परत दाबलं, जागा भरली.

सर्टिफिकेट आलं. आता त्या आफिसातल्या खुर्चीवर मी बसते. मशीन दुरुस्त झालं तवा कळलं, आतला माल शाबूत व्हता, समदा. आन औंदाच्या खंडेनवमीला आत्या नारळ घेऊन थेट अंगणात गेल्या. म्हनल्या, "तू आतच थांब बाई."

मैत्रीण बी पास झाली. चांगली हाय, आजून बोलतो आमी. पन कवातरी बटन दाबताना मनात येतं, सर दुसरं कुनी असते तर? मी परत बेदाणाच निवडत बसले असते, आन सासऱ्यांनी पुन्यांदा जाऊ दिलं नसतं. घरात एकच वरीस मिळालेलं, मुठीत तयार प्रोजेक्ट, आन सर नाव पुकारत्यात. खरं सांगा, तुमी काय केलं असतं?