खेचराचं चॉकलेट

मोदिकासारख्या चॉकलेटच्या गावात राहून चॉकलेट चावून खाणाऱ्याला फिलिप्पा माणसातच धरत नसे. तुकडा जिभेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. कोको अंगच्या उबेने विरघळतो, साखरेचे दाणे मागे उरतात आणि शेवटी घशाशी कडवटपणा येतो. त्या कडवटपणापायी तिने उभं आयुष्य मिठाईच्या दुकानात, निखाऱ्यांवर तापवलेल्या पाट्यावर कोको वाटण्यात घातलं होतं.

लढाई आली, बोटी थांबल्या, कोको संपला. नेमकं तेव्हाच तिच्या नवऱ्याने, ओरात्सिओने, अंथरूण धरलं. जन्मभर खेचराची गाडी हाकलेला गडी, पण मनात एक धास्ती घेऊन बसला होता. मरायच्या आधी त्याच्या बापाला कडू चव कळेनाशी झाली होती.

"तुझ्या हातची एक वडी दे," तो म्हणाला. "कडू लागली तर उठलोच म्हणून समज."

कोको आणायचा कुठून? दारात कॅरोबच्या शेंगांचं पोतं तेवढं होतं. चिंचेसारख्या लांब, काळपट शेंगा, खेचराला घालायच्या. फिलिप्पाने बिया काढल्या, ओळखीचा वास मरावा म्हणून शेंगा जवळजवळ करपवल्या, वाटल्या, दालचिनी घातली. कोकोला स्वतःचं लोणी असतं, याला कुठलं? वडी धरेना, म्हणून ऑलिव्हचं तेल घातलं. रंग हुबेहूब जमला आणि त्या आनंदात हात सवयीने साखरेच्या डब्यात गेला. कॅरोब मुळातच गोड, त्यावर साखर! बाईला चाखून बघायचंही सुचलं नाही.

ओरात्सिओने वडी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. ती विरघळेना, पिठासारखी टाळूला चिकटली.

"गोड आहे," तो म्हणाला. "नुसतं गोड."

"थांब जरा, येईल कडू."

"नाही गं. गेली माझी जीभ."

फिलिप्पा ओरडली. "अरे, ते चॉकलेट नाहीच! कॅरोब आहे, कॅरोब! मी फसवलं तुला."

तो हसला. "जन्म गेला माझा कॅरोबची पोती वाहण्यात. मला ओळखू येणार नाही? उगाच समजूत घालतेस. खेचराचं खाणं तू मला घालशील होय?"

तिने धावत जाऊन पोत्यातली शेंग आणली आणि त्याच्या दातांत दिली. "चाव! बघ, हीच चव आहे की नाही?"

त्याने हळूहळू चावली. "हीच," तो म्हणाला. "म्हणजे चॉकलेट काय नि कॅरोब काय, मला आता दोन्ही सारखंच."

दुसऱ्या दिवशी तिने रानातली कडू भाजी उकडून आणली, हातापाया पडली, शिव्याही घातल्या. ओरात्सिओने भिंतीकडे तोंड फिरवलं. खरं काय ते जाणून घ्यायची त्याला भीती वाटत होती. त्यानंतर त्याने कशासाठीच तोंड उघडलं नाही.

त्याला पुरून आल्यावर फिलिप्पाने ताटलीतली ती भाजी तोंडात घातली. कडूजहर होती.