ट्यूबला लावलेलं तेल

नदी गढूळ झाली की माझं अंग अजून आंबतं. आमचं घर वेदगंगेच्या अलीकडे आणि तंबाखूचं रान पलीकडे. कुठल्या पूर्वजाला ही अवदसा आठवली ठाऊक नाही, निस्तरायला मात्र आम्ही होतो. नाव होती ती खालच्या गावच्या उतारावर. तिथवर चालत जाऊन नावाड्याची वाट बघण्यात अर्धा दिवस मोडायचा, म्हणून पावसाळाभर आमच्या घरचे पुरुष पोहूनच पलीकडे जात.

मी लग्न होऊन आले तेव्हा कमरेला वाळके भोपळे बांधून जायची रीत होती. दुसरीकडे बकऱ्याचं कातडं फुगवून छातीखाली घेतात असं ऐकलं होतं, पण आमचं घर जैनांचं, ते कातडं उंबऱ्याच्या आत आलं नसतं. भोपळ्यांचं सगळं बायकांकडे. वेलावरच वाळलेला, जाड सालीचा, डाग नसलेला भोपळा निवडायचा, टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग गुरांच्या डोणीत पाण्याखाली दाबून धरायचा. बुडबुडा आला की तो बाद. जे उरतील ते आढ्याला टांगायचे आणि वर्षभर उंदरांशी भांडायचं. त्या भोपळ्यांना जपलं तेवढं मला कुणी जपलं असतं तर आज हाडं अशी वाजली नसती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, निपाणीच्या एका मोटारवाल्याकडून जुनी ट्यूब आणली. रबराची टंचाई, त्यामुळे तिच्यावर ठिगळंच जास्त. पण सायकलच्या पंपानं फुगवून काखेत अडकवली की माणूस अलगद तरंगत पलीकडे जायचा. सुटले बाई भोपळ्यांतून, असं मला वाटलं. ते सुखही टिकलं नाही.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. घरात जे टिकावंसं वाटे त्याला त्या तेल लावत. नाडे, जू, पाळण्याच्या कड्या, दाराच्या बिजागऱ्या, काही सुटायचं नाही. पाऊस तोंडावर आला तशी त्यांनी ट्यूब मांडीवर घेतली आणि शेंगतेल चोळचोळून जिरवलं.

"रबर बी कोरडं पडतंय गं," म्हणाल्या. "माझं पोरगं जातंय त्यावर."

कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. ट्यूब काळी कुळकुळीत चकाकत होती.

रोपं लावायच्या दिवसांत हे पाण्यात उतरले आणि मधल्या धारेत ट्यूब गळपटली. मी काठावर उभी. डोकं दिसत होतं, मग दिसेना. पुढचं मला धड आठवत नाही, ओरडून घसा फुटला एवढंच आठवतं. दिवस कलला तेव्हा हे चालत घरी आले. पार खालच्या वळणावर एका बाभळीला धरून राहिले होते. अंगभर काटे, आणि खांद्यावर ती मेली ट्यूब. मी काटे काढले, मग ट्यूब हातात घेतली. एक ठिगळ निघून गेलं होतं. दुसरं अंगठ्यानं दाबलं तर तेही सरकलं. खालचं रबर सुजून चिकट झालं होतं आणि माझी बोटं तेलकट झाली होती. हे माझ्या बोटांकडे बघत होते.

"आईला सांगू नगंस," म्हणाले. "हाय खाईल ती."

तेव्हापासून माझ्यामागे नवं लचांड लागलं. ट्यूबला नवी ठिगळं लावून आणली. दर पावसाळ्याआधी आत्तींनी तिला तेल लावलं की मी ती घरामागच्या परड्यात न्यायची, रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची, फुगवून डोणीत दाबायची आणि बुडबुडे बघत बसायची. भोपळे परवडले असते. ह्यांच्याकडे कुरकुर केली की एकच उत्तर, "जाऊ दे गं." आई त्यांची, नदी त्यांची आणि राबणूक माझी!

एका सकाळी हे निघायच्या तयारीत होते. ट्यूब मी धुऊन, तपासून ठेवलेली. चुलीवर भाताचं आधण ठेवून बाहेर येते तो आत्ती उंबऱ्यात बसून तिला पुन्हा तेल चोळतायत.

"पार कोरडी झालती की गं. तुझं ध्यान कुठं असतंय?"

मला रागही आला नाही. मी नुसती थकले होते. ट्यूब त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि मी म्हणाले, "आत्ती, तेलानंच ठिगळ सुटलं हुतं. तेलापायीच ह्ये बुडत हुते."

 त्या पदरानं एकेक बोट पुसत राहिल्या.

मी सांगितलं ते बरोबरच केलं. नवरा बुडवून सासूचं मन राखायचं काय? पुढे ट्यूब कधी फसली नाही.

पण बाजाराच्या दिवशी आंघोळीआधी हे आईपुढे मांडी घालून बसत आणि त्या ह्यांच्या टाळूवर तेल जिरवत, हे लहानपणापासून चालत आलेलं. त्या आठवड्यातही हे नेहमीसारखे जाऊन बसले, डोकं खाली घातलं. आत्तींनी तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू लाव गं," म्हणाल्या. "माझ्या हातचं नगं."