कारणाचा रकाना

शाळेच्या कचेरीत सत्तावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या कारकून बाईंना मुलं पाठीमागे ‘एक्सप्रेस’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुसऱ्या शाळांत दाखल्यासाठी लोक चार-चार दिवस हेलपाटे घालत. इथं माणूस खिडकीशी उभा राहिला की दहा मिनिटांत शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हातात. यामागचं गुपित फक्त बाईंच्या खणाला माहीत होतं. सुट्टीत काम नसलं की बाई दाखल्यांचं अख्खं पुस्तक समोर ओढत आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात, पानामागून पान, मोत्यासारख्या अक्षरात आधीच लिहून ठेवत : ‘पालकांच्या विनंतीवरून’. शंभर पानं, शंभर विनंत्या. येतात ते सगळे हेच तर सांगतात, असं बाईंचं म्हणणं. खरं सांगायचं तर सांगायची वेळ बाई कोणावर येऊच देत नसत.

त्या दिवशी शेवटच्या वर्गाच्या परीक्षा-अर्जांचा अखेरचा दिवस होता. पाच वाजता यादी बंद व्हायची होती. बाई सकाळपासून मान मोडून बसल्या होत्या, आणि दुपारी अडीचला एक मुलगी धापा टाकत खिडकीशी आली.

“बाई, माझ्या अर्जावर सही राहिलीय. आठवडाभर घरी अडकले होते.”

बाईंनी हजेरीपट उघडला. मुलीच्या नावावरून पट्टीने आखलेली सरळ लाल रेघ गेली होती. रेघ त्यांचीच होती, सकाळी अकराची.

“अगं, तुझं नाव कमी झालंय. तुझे वडील दाखला घेऊन गेले की सकाळी.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. “कुणी सांगितलं त्यांना? मला तर शाळेत यायचंय!”

“हे बघ, मी नियमानेच दिलाय,” बाई लगेच फणकारल्या. “तुला विचारायचं नसतं. पालकांना विचारतात.”

“मग बाबांना विचारलंत?”

बाईंनी दाखल्यांचं पुस्तक पुढे ओढलं. पुस्तकात राहिलेली स्थळप्रत त्यांनी उलटून पाहिली. ‘पालकांच्या विनंतीवरून’ सुबक, ठसठशीत. खाली पित्याची सही मात्र अशी वेडीवाकडी, जणू पहिलीतल्या पोराने गिरवली होती. सकाळी त्यांनी त्या सहीकडे पाहिलंही नव्हतं.

हेडसरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. दाखल्यावर तेही सवयीने सही करून मोकळे झाले होते, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती. “आज पाचच्या आत मूळ कागद आणि बापाचा अर्ज टेबलावर आला, तर मी ‘रद्द’ लिहून नाव परत घेतो. उद्यापासून वरच्या कचेरीची परवानगी लागेल. म्हणजे महिना गेला, आणि परीक्षाही गेली.”

सत्तावीस वर्षांत कामाच्या वेळेत बाई कधी फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी अर्जांचा गठ्ठा हेडसरांच्याच पुढ्यात सरकवला, पर्स उचलली आणि मुलीला म्हणाल्या, “चल. वडील कुठे असतात?”

वडील धुलाईच्या कारखान्यात होते. दोन बसथांबे, पुढे मालगाड्यांच्या रुळांकडेची गल्ली. आत वाफेने भिंती घामेजलेल्या, दवाखान्यांच्या चादरींचे ढीग, आणि मधोमध ते लांबलचक तापलेलं रूळयंत्र, ज्यात एका बाजूने ओली चादर सारायची आणि दुसरीकडून कडक इस्त्रीची ओढायची. मुलीचे वडील यंत्रावर नव्हते. दाराशी स्टुलावर बसून ते डाव्या हाताने गठ्ठ्यांना चिठ्ठ्या बांधत होते. उजव्या हाताची चार बोटं भाजून आखडली होती, नखं नव्हतीच. बाईंना ती सही आठवली.

घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

“दाखला परत पाहिजे,” बाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

घाईत माणूस नेमका चुकीचाच सूर लावतो. वडिलांची मान ताठ झाली. “सकाळी दिलात आणि दुपारी परत मागता? पोरखेळ आहे का? कागद वयाचा पुरावा म्हणून मुकादमांच्या खणात आहे. उद्या सहापासून पोरगी यंत्रावर उभी राहणार.”

“बाबा!”

“तू गप. घरी बोलू.”

मुकादम लांबून बघत होता. मुलगी ओठ चावत उभी होती. बाईंना वाटलं, नियम सांगावा, दम भरावा, हेडसरांचं नाव घ्यावं. आयुष्यभर खिडकीआडून तेच तर केलं होतं. पण इथं खिडकी नव्हती. त्यांनी चादरींचा एक गठ्ठा ओढला आणि त्यावर बसल्या.

“का काढलंत तिला?”

वडिलांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“आत्ता विचारताय?” ते हळू बोलले. “सकाळी विचाराल म्हणून बसमध्ये सगळं पाठ करत आलो होतो. हाताचं सांगायचं, जागा जाईल ते सांगायचं. मनात म्हटलं होतं, शाळेतलं माणूस आहे, चार शब्द सुनावेल, थांबवेल. तुम्ही मान वर केली नाहीत, बाई. दहा मिनिटांत कागद हातात. मग म्हटलं, शाळेलाच नको असेल, तर आपण कशाला उगाच.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सारवासारव केली नाही. कोऱ्या पानांवर आधीच कारण लिहून ठेवायची आपली सवय त्यांनी त्या बापाला, त्याच्या लेकीसमोर, जशीच्या तशी सांगितली. “चूक माझी आहे. पण पाचपर्यंतच ती निस्तरता येते.”

“आणि इथली जागा?” वडील म्हणाले. “चिठ्ठ्यांचं हे काम आजपुरतंच. यंत्रावर आमच्या घरातलं कोणी उद्या उभं राहिलं नाही, तर दुसऱ्याला देणार. घर कशावर चालायचं?”

“आई पहिल्या दिवसापासून म्हणतेय, मी जाते,” मुलगी एकदम बोलली. “तुम्हीच नको म्हणता. बायको कामाला आणि आपण घरी धाकट्याला भरवत बसायचं, लोक काय म्हणतील, म्हणून. लोकांसाठी माझी परीक्षा का घालवता, बाबा?”

वडिलांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. आखडलेल्या बोटांकडे ते नुसते बघत बसले. यंत्रातून एक चादर गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. बाईंची नजर घड्याळावरून हलेना, पण त्या बोलल्या नाहीत. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शेवटी ते उठले आणि मुकादमापुढे जाऊन उभे राहिले. “उद्या पोरगी नाही येणार. बायको येईल.”

“मला यंत्रावर दोन हात पाहिजेत, कुणाचे का असेनात,” मुकादम म्हणाला. “पण सहाला म्हणजे सहाला.” खण उघडायला मात्र त्याने अंत पाहिला. किल्ली आधी एका खिशात शोधली, मग दुसऱ्यात, शेवटी चहाच्या कपाखाली सापडली. दाखल्यावर सकाळीच कपाचा गोल डाग पडलेला होता.

चार पंधरा. थांब्यावर बस नव्हती. दहा मिनिटं वाट पाहून तिघं चालू लागले आणि पहिल्या वळणावर बस मागून येऊन न थांबता निघून गेली. मग मात्र ते धावले. बाईंची चप्पल तुटली, ती त्यांनी हातात घेतली. एरवी जिना चढतानाही दोनदा थांबणाऱ्या बाई!

चार पन्नासला हेडसर फाटकात उभे होते. अर्ज बाईंनी लिहिला, वडिलांनी वाकड्या बोटांत पेन अडकवलं. अक्षरं इंचाइंचाने पुढे सरकली. कोणी घाई केली नाही, हेडसरांनीसुद्धा नाही. ‘रद्द’ पडलं, लाल रेघेवर सही झाली, मुलीने परीक्षेच्या अर्जावर राहिलेली सही केली आणि यादी गेली तेव्हा दोन मिनिटं उरली होती. मुलगी तिथेच फरशीवर बसून रडली. वडील तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून उभे राहिले.

सगळे गेल्यावर बाईंनी पुस्तक काढलं. छत्तीस पानं कोरी होती, म्हणजे कोरी नव्हतीच. छत्तीस विनंत्या त्यांनी एकेक करून खोडल्या. भिंतीकडच्या कपाटात वापरून संपलेली जुनी पुस्तकं रचलेली होती, सत्तावीस वर्षांची. त्यातलं एक त्यांनी उघडलं, दोन नावं वाचली आणि मिटलं. तिसरं वाचायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच खिडकीशी एक आई आली, हातात पिशवी. “मुलाचा दाखला हवाय. तुमच्याकडे दहा मिनिटांत मिळतो म्हणे.”

“मिळायचा,” बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या, कचेरीचं दार उघडलं आणि तिला आत घेतलं. “आधी बसा. का काढताय त्याला?”

आई पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळू लागली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.